मुशीत टाकण्याआधी तारीख तरी वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चांदीने किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून लोक घरातली जुनी चांदी मोडीत घालायला सराफी पेढ्यांवर गर्दी करत आहेत, अशी बातमी मध्यंतरी आपल्या दैनिकात आली होती. सोबत एक छायाचित्र होतं. काट्याच्या पारड्यात ओतलेला मोडीचा ढीग. वाकलेले वाळे, फुटकं निरांजन, अत्तरदाणीचं झाकण आणि त्या सगळ्याच्या मधोमध पाच-सात राजाछाप रुपये. मी फोटो मोठा करून पाहिला. एका रुपयावरची तारीख स्पष्ट वाचता येत होती, १९१८. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

मी मूळची हुपरीची, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली. हुपरीचे पैंजण महाराष्ट्रात कुणाला सांगायला नकोत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चांदी कारागीर होते. १९९८ पासून मी अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात राहते. इथून तासाभराच्या आत कार्सन सिटी आहे, आणि तिथे एकेकाळी एक छोटी टांकसाळ होती. त्या टांकसाळीचे चांदीचे डॉलर जमवायचा मला वीस वर्षांपासून नाद आहे. आपल्या फोटोतल्या १९१८ च्या रुपयाचं आणि त्या टांकसाळीचं नातं फार जवळचं आहे. ते वाचकांना कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हुपरीचं सांगते. लहानपणी माझ्याकडे एक काम असायचं. मोडीत आलेले रुपये मुशीत, म्हणजे चांदी आटवायच्या भांड्यात, जाण्याआधी वेगळे करायचे. राणीछाप एकीकडे, मुकुट नसलेला एडवर्ड आणि मुकुटवाला पाचवा जॉर्ज दुसरीकडे, आणि १९४० पासून पुढचे सगळे तिसरीकडे. कारण आधीच्या रुपयाचा टंच, म्हणजे शंभरातली शुद्ध चांदी, साडेएक्क्याण्णवच्या वर. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. तो रुपया चुकून चांगल्या रुपयांत पडला तर अख्ख्या लगडीचा टंच बिघडायचा. अण्णा तारखेवर बोट ठेवून म्हणायचे, “चाळीसच्या अलीकडं का पलीकडं, एवढंच बघ.” मला तारखा वाचायची सवय लागली ती तिथे. पण ती तारीख आम्ही वाचायचो ती आटवण्यासाठी. भट्टी पेटलेली असायची, मुशीत टाकणखार पडला की खोलीभर तो वास पसरायचा, आणि रुपये एकेक करून आत जायचे. राणीचा चेहरा आधी चकाकायचा, मग कडेने सैल व्हायचा, मग नुसता लाल रस.

एक प्रसंग विसरता येत नाही. आमच्याच भागातली एक म्हातारी रुपयांचा हार घेऊन आली होती. एकवीस रुपये, प्रत्येकाला कडी डागलेली. अण्णा तिला म्हणाले, “आज्जी, जुनं लेणं हाय. एकदा घरी इचारून या.” ती म्हणाली, “नातीच्या पायात घालाय पैंजण पायजेत. ह्यो हार घालणार कोण आता?” तिचंही बरोबर होतं. हार आटला, पैंजण झाले. त्या एकवीस रुपयांत कुठली वर्षं होती, कुठल्या टांकसाळीचे किती होते, हे आज जगात कुणालाच सांगता येणार नाही.

मी अमेरिकेला निघाले तेव्हा अण्णांनी एक रुपया माझ्या हातावर ठेवला. १९१८ चा, पाचव्या जॉर्जचा. “मोडू नको. अडीअडचणीलासुद्धा मोडू नको,” एवढंच म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे रुपये आटवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी राखलेला तो एकच.

आता कार्सन सिटीकडे येते. १८५९ मध्ये इथल्या डोंगरात कॉमस्टॉकची चांदीची शीर सापडली आणि व्हर्जिनिया सिटी नावाचं खाणकऱ्यांचं गाव रातोरात उभं राहिलं. चांदी-सोनं निघत होतं इथे, आणि नाणी पाडायची तर ते सिएरा नेवाडाच्या घाटातून सॅन फ्रान्सिस्कोला न्यावं लागायचं. वाहतुकीचा खर्च अफाट, वाटेत लुटारूंची भीती. म्हणून अमेरिकी काँग्रेसने १८६३ मध्ये इथेच टांकसाळ उभारायला मंजुरी दिली. कार्सन सिटी वसवणारा एब्रहम करी हाच तिचा पहिला प्रमुख. दगड आला तो गावाजवळच्या तुरुंगाच्या खाणीतून. १८७० मध्ये पहिली नाणी पडली. त्यांवर टांकसाळीची खूण म्हणून दोन इंग्रजी अक्षरं, ‘सीसी’. अमेरिकेत दोन अक्षरांची खूण त्या काळात याच एका टांकसाळीची होती.

संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात तो ‘मॉर्गन डॉलर’ १८७८ पासूनचा. सरकारने दरमहा ठरावीक किमतीची चांदी विकत घेऊन डॉलर पाडलेच पाहिजेत असा कायदा त्या वर्षी झाला. नाण्याचं चित्र काढलं इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कोरक्याने. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, केसांत गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बोंडं. मागे पंख पसरलेला गरुड. त्याच्या खाली फांद्यांची गाठ, आणि गाठीखाली तीळभर आकाराची ती दोन अक्षरं. कार्सन सिटीत हे डॉलर फक्त तेरा वर्षांचे पडले, १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३. मध्ये तीन वर्षं डॉलर पडलेच नाहीत. सगळे मिळून एक कोटी अडतीस लाखांच्या आसपास. फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को या टांकसाळींपुढे हा आकडा अगदीच लहान.

मला वाटायचं, जे वर्ष कमी पडलं ते दुर्मीळ. साधा हिशेब. पण पुस्तकं चाळायला लागले तेव्हा तो हिशेब कुठेच जुळेना. १८८५ मध्ये कार्सन सिटीत डॉलर पडले फक्त २,२८,०००. सगळ्या तेरा वर्षांत सर्वांत कमी. १८८९ मध्ये पडले ३,५०,०००, म्हणजे दीडपटीहून जास्त. तरी १८८५ चा कोरा, म्हणजे वापरात न आलेला, डॉलर आजही बाजारात मिळतो आणि १८८९ चा कोरा डॉलर पाहायला मिळणंसुद्धा भाग्याचं. का?

कारण कमी-जास्त ठरलं ते टांकसाळीत नव्हे, पुढे. सरकारी तिजोऱ्यांत हजार-हजारच्या पिशव्या पडून होत्या. त्यातल्या कुठल्या फुटल्या, कुठल्या आटल्या आणि कुठल्या कोपऱ्यात विसरल्या गेल्या, यावर सगळं ठरलं. १९६४ च्या मार्चपर्यंत जुन्या चांदी-प्रमाणपत्राची नोट दिली की वॉशिंग्टनच्या कोषागारातून चांदीचा डॉलर मिळायचा. लोकांनी रांगा लावून पिशव्याच्या पिशव्या नेल्या. सरकारने तो व्यवहार थांबवला तेव्हा तळाशी सुमारे तीस लाख डॉलर उरले होते, आणि त्यातले बहुतेक निघाले कार्सन सिटीचे. ऐंशी-नव्वद वर्षं कुणाचा हात न लागलेले. १९७२ पासून १९८० पर्यंत सरकारच्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या खात्याने, संग्राहक त्याला जीएसए म्हणतात, ते टपालाने बोली मागवून विकले. बहुतेक नाणी कडक प्लास्टिकच्या पारदर्शक पेटीत बंद. कोणत्या वर्षाचे किती आहेत, त्याची यादी सरकारने उघड जाहीर केली. १८८४ चे ९,६२,६३८ निघाले, म्हणजे पडलेल्या प्रत्येक शंभरातले जवळपास पंच्याऐंशी. १८८५ चे १,४८,२८५. आणि १८८९ चा? एक. साडेतीन लाखांपैकी त्या अख्ख्या साठ्यात एकच नाणं.

या एकाकडे मी फार वेळ बघत बसले होते. बाकीचे गेले कुठे, हे शोधता शोधता मी येऊन पोचले ती थेट आपल्या दारात.

१९१८ साल. पहिलं महायुद्ध चालू. ब्रिटन हिंदुस्थानातून धान्य, ताग, माल विकत घेत होतं, आपले लाखो सैनिक लढत होते आणि सगळ्याचे पैसे चुकवायचे ते रुपयांत. आपला माणूस त्या काळात कागदावर विश्वास ठेवत नव्हता, त्याला वाजवून घ्यायला बंदा रुपया हवा होता. चांदी पुरेना म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. तरी लोक नोटा घेऊन रुपये मागायला येतच राहिले. तिजोरीतले रुपये संपले तर नोटेवरचा भरवसाच उडेल अशी वेळ आली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. अमेरिकेकडे मोकळी चांदी होती ती डॉलरच्या रूपात, पिशव्यांत. २३ एप्रिल १९१८ ला तिथे कायदा झाला, तो मांडणाऱ्या सिनेटरच्या नावाने पिटमन कायदा म्हणून ओळखला जातो. त्यांचं पूर्ण नाव ‘की पिटमन’, माझ्याच नेवाडाचे सिनेटर. त्या कायद्याखाली २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर आटवले गेले. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. तिच्या लगडी आपल्याकडे आल्या आणि त्यांचे रुपये पाडले गेले. पाचव्या जॉर्जचे १९१८ आणि त्यानंतरच्या वर्षांचे रुपये इतके अमाप सापडतात त्याचं एक मोठं कारण हे.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. एका बाजूला अण्णांचा १९१८ चा रुपया ठेवला. साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वर भरला, वापराने थोडा झिजलाय. मूळ वजन एक तोळा, म्हणूनच आपल्याकडे ‘रुपयाभार’ असं माप होतं. मग माझा १८८४ चा कार्सन सिटीचा डॉलर त्याच्या प्लास्टिकच्या पेटीसकट शेजारी ठेवला. पेटी फोडायची नव्हती, म्हणून त्याचं वजन पुस्तकातलं घेतलं, २६.७३ ग्रॅम, टंच नव्वद. दोघांतली निव्वळ चांदी ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनात काढली. डॉलरची ३७१.२५, रुपयाची १६५. भागाकार केला. सव्वादोन. मागे काही उरत नाही, बरोबर सव्वादोन. एक डॉलर आटला की सव्वादोन रुपये होतात. पंचवीस कोटी एक्क्याण्णव लाख डॉलरांच्या चांदीतून अठ्ठावन्न कोटी रुपये पडू शकतात.

आटवताना कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे १८८९ चे नाहीसे झालेले डॉलर तिथेच गेले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अण्णांचा रुपया हातात घेतला की मला व्हर्जिनिया सिटीचा डोंगर दिसतो, आणि ते काही खोटं नव्हे.

अण्णा २०११ मध्ये माझ्याकडे आले होते. त्यांना कार्सन सिटीला घेऊन गेले. टांकसाळीची ती दगडी इमारत आता नेवाडा राज्याचं संग्रहालय आहे, १९४१ पासून. आत नाणी पाडायचं पहिलं यंत्र आहे, ‘एक क्रमांकाचं’ म्हणतात त्याला. १८७० मध्ये पहिली नाणी पाडणारं ते यंत्र आजही ठरावीक दिवशी चालवून दाखवतात, पदकं पाडतात. १९६४ मध्ये नाण्यांची टंचाई झाली तेव्हा त्याला डेन्व्हरच्या टांकसाळीत नेऊन पुन्हा कामाला जुंपलं होतं. यंत्राचा ठोका पडला की पायाखालची फरशी हलते. अण्णा त्याच्यासमोरून अर्धा तास हलले नाहीत. मग मला म्हणाले, “विचार त्याला, आटणीत घट किती धरायचे.” मी तिथल्या माणसाला विचारलं. तो खूश झाला, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणाला, आणि ओतशाळेतल्या राखेतूनसुद्धा चांदी कशी परत काढायचे ते सांगत बसला. अण्णा मान डोलावत होते. आम्हीही भट्टीची राख फेकत नव्हतो.

बाहेर बाकावर बसून मी त्यांना पिटमन कायद्याची गोष्ट सांगितली. डॉलर आटले, लगडी झाल्या, मुंबईत-कलकत्त्यात रुपये पडले. ते ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आणि तेच रुपये आम्ही परत आटवले.” पुढे काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत गाडीत गप्प होते. अण्णा आता नाहीत. पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवतो, आणि म्हणूनच फोटोतलं ते पारडं मला बघवेना.

चांदी मोडू नका, असं मी म्हणत नाही. अडचण माणसाला येते, लग्न निघतं, दवाखाना निघतो. पैंजण मोडा, वाटी मोडा, त्या पुन्हा घडवता येतात. हुपरीचे कारागीर त्यावरच जगतात, आमचं घर त्यावरच चाललं. पण नाण्यावर तारीख असते आणि टांकसाळीची खूण असते. ती एकदा रसात गेली की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. माझं मागणं एवढंच, की पारड्यात टाकण्याआधी प्रत्येक नाणं उलटून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

काय पाहायचं तेही सांगते. पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला अगदी खाली कमळाचं फूल असतं. त्याच्याजवळ बारीक टिंब दिसलं तर नाणं मुंबईचं, नसलं तर कलकत्त्याचं. साधं भिंग पुरतं. तारीख १९११ असेल तर ते नाणं मुळीच हातचं सोडू नका. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने ते रुपये मागे घेऊन बहुतेक सगळे आटवून टाकले. पुढच्या वर्षी हत्ती सुधारून नवा ठसा आला. तिथेही पुन्हा तीच गोष्ट, नाणं दुर्मीळ झालं ते मुशीमुळे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया तर त्याहून दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला बाजारात खूप.

दुसरं, आणि हे मी स्वतःचं नुकसान करून शिकले आहे, जुनं नाणं घासू नका. सुरुवातीच्या काळात एका घरसामानाच्या विक्रीत मला १८९० चा कार्सन सिटीचा डॉलर मिळाला. वर काळपट-जांभळी झाक चढलेली. आपल्याकडे दिवाळीला चांदीची भांडी घासतात तशी मी त्याला टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासला, रिठ्याच्या पाण्यातून काढला, मऊ फडक्याने पुसला. आरशासारखा लख्ख झाला. मोठ्या आनंदाने इथल्या एका जुन्या संग्राहकांना दाखवायला नेला. त्यांनी तो दिव्याखाली धरून हळूच तिरका फिरवला आणि काही न बोलता परत दिला. मग स्वतःचा एक डॉलर काढून तसाच फिरवून दाखवला. त्यावर उजेडाच्या आऱ्या फिरत होत्या, बैलगाडीचं चाक फिरावं तशा, मधल्या टिकलीपासून कडेपर्यंत. ठशाचा दाब पडताना चांदी मधून बाहेर सरकते, तिच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात आणि त्या रेषांवर हा उजेड खेळतो. माझ्या नाण्यावर काहीच फिरत नव्हतं. नुसती सपाट चकाकी. शंभर वर्षं टिकलेल्या रेषा मी दहा मिनिटांत पुसून टाकल्या होत्या. तो डॉलर अजून माझ्याकडे आहे, विकला नाही. नवीन कुणी संग्राहक भेटला की मी त्याला आधी तोच दाखवते.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. १८८९ चा डॉलर मला एकदा एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने दाखवला होता, भाव ऐकून वाटलं आपल्या आवाक्यात येतोय. मी हुपरीची, चांदी ओळखते. वजन बरोबर, आवाज बरोबर, कसाला लावला असता तरी खरा उतरला असता. कारण नाणं खरंच होतं, फिलाडेल्फियात पडलेलं, जिथल्या डॉलरांवर खूणच नसायची. त्यावर कुणीतरी दोन बारीक ‘सी’ वेगळे करून चिकटवले होते. दहापट भिंगातून अक्षराच्या बुडाशी केसाएवढी फट दिसली तेव्हा कळलं. अशा ठिकाणी आपली कसोटी आणि टंच काहीच कामाचे नाहीत. चांदी खरी, लबाडी अक्षरात. महागडं नाणं घेताना म्हणून तर ते नामांकित संस्थेकडून तपासून सीलबंद केलेलंच घ्यावं. मी पैसे दिले नव्हते, थोडक्यात वाचले. सगळेच वाचत नाहीत. आपल्याकडेही जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणारे भामटे आहेत, रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांना गंडवतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. घरातला १९१८ चा रुपया लाखाचा नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते. तो भरपूर सापडतो. तरी तो आटवू नका, असं माझं म्हणणं आहे, कारण १८८४ चा डॉलरसुद्धा भरपूर सापडतो, आणि तो सापडतो ते कुणीतरी पिशवी न फोडता ठेवली म्हणून.

आमच्या रेनोतच एक गृहस्थ होते, लाव्हिअर रेडफील्ड. त्यांचा बँकेवर आणि सरकारवर विश्वास नव्हता. १९७४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या घराच्या तळघरात चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर निघाले. १९७६ मध्ये तो साठा त्र्याहत्तर लाख डॉलरला लिलावात गेला. संग्राहक आजही ‘रेडफील्डचा डॉलर’ म्हणून त्यांना वेगळा मान देतात. कुठल्या नाण्याला काय मोल येईल हे साठवणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं? त्यांनी आटवले नाहीत, एवढंच.

संपादक महाशय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. जुन्या रुपयांवरच्या खुणा दाखवणारं एक पानभर मोठं चित्र आपण रविवारच्या पुरवणीत छापावं. कमळाखालचं टिंब, १९११ चा हत्ती, १९४० च्या पुढच्या रुपयाची कड, एवढं जरी दाखवलंत तरी लोक ते कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवतील. माझ्या संग्रहातली छायाचित्रं मी विनामोबदला पाठवायला तयार आहे. आणि हुपरीच्या, कोल्हापूरच्या गुजरीतल्या, सांगलीच्या, जळगावच्या सराफ-कारागिरांना माझी हात जोडून विनंती, की मोडीत नाणी आली तर मुशीत टाकण्याआधी एका वहीत लिहून ठेवा. वर्ष, टांकसाळ, किती नग. वजनाला लावायचा भाव तोच लावा, गिऱ्हाईकाचं किंवा तुमचं एक पैशाचं नुकसान नाही. अमेरिकेत सत्तावीस कोटी डॉलर आटले आणि कुणी अशी वही ठेवली नाही, म्हणून आज शंभर वर्षांनंतरही तिथले अभ्यासक अंदाजच बांधत बसले आहेत. एकवीस रुपयांच्या त्या हाराची वही मी ठेवली असती तर आज निदान त्या आज्जीच्या नातीला सांगता आलं असतं, तुझ्या पायात काय काय आहे.

आपण छायाचित्र छापलं ती पेढी आपल्या वार्ताहराला माहीत असेलच. पारड्यातले ते पाच-सात रुपये अजून आटले नसतील, तर मालकांना फोन करून एकदा उलटून बघायला सांगाल का? १९१८ चा तो मला फोटोत दिसला. बाकीच्यांच्या तारखा झाकल्या गेल्या होत्या.

आपली नम्र,
स. म.
रेनो, नेवाडा (मूळ गाव हुपरी, ता. हातकणंगले)